शेडमागची बादली

वरदाची माशी गाजली आणि इकडे सुहासिनीच्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखायला लागलं!

अहो, इंग्लंडातल्या मेडनहेडच्या त्या गार्डन ग्रुपमध्ये वरदाला नेलं कुणी? सुहासिनीने. "अगं, ही मधमाशी नव्हे, हॉवरफ्लाय. मधमाशीचं नुसतं सोंग! पंख मोज, दोनच आहेत," हे शिकवलं कुणी? सुहासिनीनेच. जन्मभर हॉस्पिटलात भूल देऊन रिटायर झालेली बाई. तिच्या बागेत वाळकं पान सापडायचं नाही. आणि केशरी शेपटाची ती दुर्मीळ हॉवरफ्लाय गेली कुठे, तर वरदाच्या गबाळ्या बागेत! आता शनिवारी लायब्ररीत वरदाचं टॉक होतं आणि ग्रुपवर तिच्या फोटोला हार्टवर हार्ट पडत होते.

"मेलीला सगळं आयतं मिळतं," सुहासिनी किटलीला म्हणाली.

त्याच आठवड्यात वरदा लेकीकडे कार्डिफला निघाली. किल्ली द्यायला आली. "झाडांना पाणी घालशील ना गं? तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

पाणी घालता घालता सुहासिनीला कुंपणाशी एक बादली दिसली. कुजकी पानं, काळं पाणी, नाक धरावं असा वास. वाकून बघते तर आत लांब शेपटांच्या अळ्या वळवळत होत्या. तिने लगेच ओळखलं. ह्यांच्याच पुढे हॉवरफ्लाय होतात. अस्सं! म्हणजे बाईसाहेबांचं गुपित हे होय!

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बादली गटारावर उपडी केली. वर होजने धुतलीसुद्धा. कुणी विचारलंच तर सांगायला होतं की, मला बाई घाण वाटली. घरी येऊन तिने आलं घालून मस्त चहा केला; तो मात्र काही केल्या गोड लागेना.

शनिवारी ती मुद्दाम मागच्या खुर्चीत बसली. वरदा स्टेशनवरून बॅगेसकट थेट लायब्ररीत आली होती. शेवटच्या स्लाइडवर तीच बादली झळकली आणि सुहासिनी खुर्चीत खाली सरकली.

"ही बादली माझी नाही," वरदा सगळ्यांना सांगत होती. "माझ्या मैत्रिणीच्या शेडमागे पडली होती. ती आत न बघताच म्हणाली, घाण आहे, टाकून दे. मला काही टाकवेना, मी गुपचूप घरी नेली. माश्या तिच्याच बागेतल्या. म्हणून माशी सापडल्याच्या रेकॉर्डवर मी नाव घातलंय ते सुहासिनीचं."

सगळे मागे वळून टाळ्या वाजवायला लागले. सुहासिनीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

वरदा धावतच आली, गळ्यात पडली. "कसं सरप्राइज दिलं! रागावली नाहीस ना गं? आता चल माझ्या घरी. दोघी मिळून तुझी बादली उचलू आणि होती तिथे, तुझ्या शेडमागे नेऊन ठेवू."

मला बाई घाण वाटली, हे वाक्य सुहासिनीच्या ओठावर आलं. पण अळ्या ओळखायलाही वरदाला तिनेच शिकवलं होतं.