शनिवारचा पाला

“चौथी आज्ञा काय म्हंती, अण्णा? सातवा दिस पाळा. आन् सातवा दिस म्हंजी शनिवार! तुमचा ऐतवार कुटनं आला?”

“प्रभू कबरीतनं उठला तो दिस कोंचा रं? आज्ञा शिकवतोय मला!”

तुतीच्या डहाळ्यांचे भारे डोक्यावर घेऊन थोरला विश्वासराव आणि धाकटा दामोदर बांधावरून येत होते. सख्खे भाऊ, पण गळ्याच्या शिरा ताणून भांडत होते. भारा सांभाळायला दोन्ही हात गुंतलेले, म्हणून हातघाईवर येत नव्हते इतकंच.

सर्जापूर रस्त्यापासून दोन मैल आत त्यांचं रान होतं. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर ह्या कानडी मुलखात आलेली मराठ्यांची ही घरं. पणज्यानं प्लेगच्या साथीत मिशनच्या बाईच्या हातची पेज खाल्ली, जगला, आणि उठल्यावर बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून घर ख्रिस्ताचं झालं, बोली मात्र मराठीच राहिली. पश्चिमेचं रान आणि पूर्वेचं रान मिळून अडीच एकर तुती, आणि घरामागच्या कौलारू खोलीत रेशमाचे किडे.

रविवारी विश्वासराव मिशनच्या देवळात जायचा आणि पाल्याला हात लावायचा नाही. दामोदरही तसाच होता, पण दोन वर्षांपूर्वी यशवंतपूरच्या बाजारात शेंगा विकायला गेला आणि तिथल्या शनिवारवाल्या मंडळीत रमला. आता तो शनिवारी विळा धरत नसे. किड्यांना कसला शनिवार आणि कसला रविवार? त्यांना पाला कळतो. म्हणून शनिवारी थोरला पाला तोडी आणि रविवारी धाकटा. सोय उत्तम होती. तोंडं मात्र दोघांचीही गप्प बसत नव्हती.

त्या दिवशी अंगणात भारे टाकल्यावर दामोदर म्हणाला, “रोजची कटकट नगं. वाटणी करा, अण्णा. माजं रान मी बगीन.”

त्यांची आई सगुणाबाई उंबऱ्यात तपकीर ओढत बसली होती. तिनं डबी मिटली. नवऱ्यानं डोळे मिटताना एवढंच मागितलं होतं, की रान तोडू देऊ नकोस. आणि तुकडा पडला की पुढं काय होतं, ते ती त्या पंच्याण्णव साली डोळ्यांनी बघत होती. रस्त्याकडेची तीन रानं टेपा घेऊन आलेल्या लोकांनी विकत घेऊन मापून नेली होती, आणि तिथं आता नाचणीऐवजी विटांचे ढीग उभे होते.

तिनं फडक्यात बांधलेलं नवऱ्याचं पवित्र शास्त्र काढलं आणि दोघांपुढं धरलं.

“हात ठिवा ह्याच्यावर. आजपास्नं ह्या घरात शनिवार न्हाई आन् ऐतवार न्हाई. दोनी नावं तोंडातनं काढायची न्हाईत. जो काढंल, त्यानं मला माती देऊ नये.”

दोघंही वरमले. हात ठेवले.

“सरी, आये,” दामोदरनं कानडी वळणाचा होकार दिला. “वाटणीचं हे पीक निघाल्यावर बगू.”

आईला तेवढं पुरे होतं. पीक चांगलं निघालं, चार हातांनी कोष उतरवले, म्हणजे मनंही जागेवर येतील, असा तिचा हिशोब होता. आईचे हिशोब असेच असतात.

घर शांत झालं. बघायला आलेले पाद्रीसाहेब खूश झाले. “शाब्बास, सगुणाबाई. ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती माणसाशी देवाच्या नावानं वाद घालूच नये,” असं म्हणून त्यांनी लांबलचक प्रार्थना केली.

शेजारची सकवारबाई मात्र नाक मुरडून बोलली. ती पडली खंडोबाची, तिला ह्यांच्या वारांशी देणंघेणं नव्हतं. “सगुणाक्का, घर लई गप झालं गं तुजं. भांडत हुते तवा येकमेकांशी बोलत तरी हुते.”

“तुज्या घरात रोज तमाशा आस्तुय, म्हून तुला गप्पपणा सोसंना,” सगुणाबाईनं तिला झटकून टाकलं.

पण सकवारबाईचं खोटं नव्हतं. पाल्याची पाळी ठरवायची तर वाराचं नाव घ्यावं लागतं, आणि नाव घ्यायची चोरी. तेव्हा भावांनी ठरवणंच सोडलं. ‘उद्या’ म्हटलं तरी दुसऱ्याच्या कपाळाला आठी पडायची. खतापाण्याचं बोलणं आटलं, मग जेवणातलं मीठमिरचीचं आटलं. ज्याचा त्याला दिवस ठाऊक होता, जो तो आपला उठून कामाला लागे.

किडे कात टाकून चौथ्या झोपेतून उठले आणि शेवटच्या आठवड्याला लागले. ह्या दिवसांत ते अधाशासारखे खातात. सगुणाबाई खोलीच्या दारात अंथरूण टाकी. हजारो तोंडं पाला कुरतडायची, त्याचा कौलांवर पाऊस पडावा तसा आवाज तिला ऐकू येई आणि गाढ झोप लागे. कोष धरायच्या बांबूच्या चंद्रिका धुऊन भिंतीला लावून ठेवल्या होत्या. आणखी चार दिवसांचाच प्रश्न होता.

शुक्रवारी दुपारी दामोदरला पूर्वेच्या रानात शेंडे आकसलेले दिसले. पांढरी कीड लागली होती. पश्चिमेचा पाला ह्या पिकाला पुरेल, पूर्वेचा पुढच्या पिकाला लागेल, असा त्यानं अंदाज केला आणि पंप पाठीला लावून औषध मारलं. त्याचा पवित्र दिवस सूर्य बुडताना सुरू व्हायचा, म्हणून घाई होती. अंघोळ करून तो अंगणात आला, तेव्हा विश्वासराव दोरी वळत बसला होता. दामोदर थांबला. ‘उद्या पूर्वेला जाऊ नका’ एवढंच सांगायचं होतं. पण उद्या म्हणजे शनिवार. आपण पुन्हा सुरुवात केली असं अण्णाला वाटेल. तो नुसता खाकरला. विश्वासरावनं मान वर केली नाही. दामोदर यशवंतपूरला निघून गेला.

शनिवारी भल्या सकाळी विश्वासराव रानात गेला. किड्यांनी अंदाजापेक्षा जास्त खाल्लं होतं, पश्चिमेला नुसते खुंट राहिले होते. तो पूर्वेला वळला. सर्दीनं त्याचं नाक चोंदलेलं होतं. भारा त्यानं आईपुढं टाकला. पूर्वी ती एकेक पान हुंगून घाले, पण तपकिरीनं तिचं नाक कधीच मेलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं, माया करत, परडीपरडीत पाला पसरला.

दोन घटकांनी तिनं खोलीचं दार उघडलं. आवाज नव्हता.

किडे माना वर करून झुलत होते, तोंडातून हिरवं पाणी ओकत होते. तिच्या डोळ्यांदेखत ते आखडले आणि परड्यांतून खाली पडू लागले. विश्वासराव धावला, पाला उचलून फेकू लागला, पण उपयोग नव्हता. दुपारपर्यंत एक किडा हलत नव्हता.

दिवस बुडाल्यावर दामोदर आला. दारातच उभा राहिला. “पूर्वेचा?” त्यानं हळूच विचारलं, आणि पायाखालची पानं बघून स्वतःच समजला.

दोघं भाऊ मेलेल्या किड्यांच्या दोन बाजूंना खाली माना घालून उभे राहिले. सगुणाबाईला ते पाहवेना.

“बोला की रं!” ती किंचाळली. “भांडा! इचार धाकट्याला, औषध मारलं ते का न्हाई सांगितलं! तू इचार थोरल्याला, पाला न बगता का तोडला! शनिवार म्हना, ऐतवार म्हना, काय बी म्हना!”

“शपथ हाय, आये,” दामोदर म्हणाला.

“मी सोडली शपथ!”

पण ते तिच्या हातचं राहिलं नव्हतं. दोघांनी फावडी घेतली, खड्डा खणला आणि टोपल्यांनी किडे पुरले. शेवटची माती ओढल्यावर दामोदर म्हणाला, “अण्णा, पूर्वेचं रान तुमी घ्या. पश्चिमेचं मी घेतो.”

“सरी,” विश्वासराव म्हणाला.

महिन्याभरात हद्दीचे खांब रोवले गेले. आवाज चढला नाही, शिवी नाही, पंचही लागले नाहीत. पंधरा दिवसांत टेप घेऊन माणसं आली आणि आधी पश्चिमेचं रान मापून गेली. गावात म्हणू लागले, वाटणी करावी तर अशी.

पाद्रीसाहेब पुन्हा आले. अंगणाच्या मधोमध उभारलेली नवी भिंत, अलीकडं एक चूल, पलीकडं एक चूल, हे त्यांनी बघितलं. “वाईट झालं,” ते म्हणाले. “पण भाऊ भांडले नाहीत, हे मोठं. घरात किती शांती आहे बघा, सगुणाबाई.”

सगुणाबाई मोकळ्या खोलीच्या दाराला टेकून बसली होती.

“व्हय, पाद्रीसाहेब,” ती म्हणाली. “किडं मेलं त्या दिशी ह्या खोलीत बी आशीच शांती हुती.”