वडिलांचा व्यवसाय

बयूमीने पत्र्याच्या मगातून तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवले आणि इस्त्रीच्या टेबलावर पसरलेल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर बारीक फवारा सोडला. दुसरा घोट घेऊन मान वर करतो, तर दुकानाच्या दारात वाएल उभा. सकाळी नेलेली फाइल पोराच्या हातात नव्हती.

बयूमीच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. विचारायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला विचारायचं नव्हतंच, म्हणून तो तसाच गाल फुगवून उभा राहिला.

"यादी लागली," वाएल म्हणाला. "माझं नाव नाही."

मागच्या पडद्याआडून इन्साफ बाहेर आली. तिचे हात पिठाने भरले होते.

"नीट पाहिलंस का? खालून वरून?"

"तीनदा पाहिलं, आई."

"कारण काय दिलं?"

"सामाजिकदृष्ट्या अपात्र. एवढंच."

घर हलकं म्हणून पोरगा नको, हा याचा अर्थ शुब्रा मोहल्ल्यातल्या आमच्या त्या गल्लीत कुणाला समजावून सांगावा लागला नसता. कायद्याच्या अख्ख्या कॉलेजात पहिला आलेला पोरगा सरकारी वकील होणार, पुढे न्यायाधीश होणार, असं गल्लीने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. कॉफीवाला हमदी त्याला आतापासूनच 'साहेब' म्हणत चिडवायचा. भाजीवाल्या सफियाने तर आपल्या रबाबला त्याच कॉलेजात घातलं होतं. पोरगी रात्रंदिवस वाएलच्या जुन्या वह्या उशाशी घेऊन बसायची.

इन्साफने हात झग्याला पुसले. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कुणीतरी बोललं," ती म्हणाली. "मी एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं होतं. चौकशीला माणूस आला तर सांगा, बापाचा कपड्यांचा व्यापार आहे. बशीभर रव्याचा गोड बसबूसा देऊन सांगितलं होतं. हा हमदीच. त्याच्या जिभेला हाड नाही. बसबूसा खाल्ला आणि घर बुडवलं माझं."

ती चपला शोधायला लागली.

बयूमीने पाणी बाजूच्या बादलीत थुंकलं. चार महिने जे पोटात ठेवलं होतं, ते आता ठेवून चालणार नव्हतं. हमदी बिचारा गल्लीच्या तोंडावर आल्या-गेल्या सगळ्यांना 'मोठा व्यापार, मोठी माणसं' असं सांगत फिरला होता.

"वाएलची आई, थांब. हमदी नाही. मी बोललो."

"काय बोललात?"

बयूमीने इस्त्री तिवईवर उभी केली आणि बसायच्या स्टुलाकडे बोट केलं.

"जूनमध्ये एक माणूस कोट घेऊन आला होता. इथे बसला. मी चहा पाजला. म्हणाला, काका, टेबलाखाली ही पुस्तकं कुणाची? मी म्हटलं, माझ्या पोराची."

"आणि?"

"आणि काय. सगळं सांगितलं. सहा वर्षांचा असताना या टेबलाखाली बसून अक्षरं गिरवायचा. मी वर इस्त्री दाबायचो आणि तो खालून पाढे म्हणायचा. याच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग कसा पडला तेही सांगितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा याने चाळीस शर्ट केले आणि कलमं पाठ म्हणत केले. अर्धा तास बोलत होतो मी. तो म्हणाला, शाबास, असा मुलगा नशिबाने मिळतो. मी म्हटलं, नशिबाने नाही साहेब, घाम गाळून."

इन्साफ दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली.

"तो गेल्यावर हमदीने सांगितलं, हाच चौकशीचा माणूस," बयूमी म्हणाला. "चार महिने घास गोड लागला नाही मला. त्या दिवशी नेमकं तोंड रिकामं होतं. पाणी भरलेलं असतं, तर पोरगा आज साहेब झाला असता."

बायकोने शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हयातभर त्याची लाज राखली होती, आणि पोराच्या वेळी तोच बडबडला होता.

वाएलने डॉक्टरांच्या शर्टाची बाही सरळ केली. मग ती उगाच पुन्हा सरळ केली.

"बाबा, तुमच्यामुळे नाही गेलं."

"माझी समजूत काढू नकोस."

"समजूत नाही काढत. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारतात. मी इस्त्रीवाला लिहिलं."

इन्साफने मान वर केली. "आपलं ठरलं होतं ना रे? व्यापार म्हणून?"

"ठरलं होतं. पण हात धजेना. आणि तसं लिहिलं असतं तरी उपयोग नव्हता. त्याच्या खाली अजून एक रकाना होता. न्यायखात्यात नातेवाईक कोण कोण. मी रेघ मारली. खिडकीतल्या कारकुनाने बाकी काही वाचलं नाही. मार्क नाहीत की नाव नाही. सरळ त्या रकान्यावर बोट नेलं आणि माझा कागद डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवला. उजवीकडे सात-आठच कागद होते. ही जानेवारीतली गोष्ट."

"आणि तो माणूस जूनमध्ये आला," बयूमी हळूहळू म्हणाला.

"हो."

"मग आला कशाला?"

"त्याचा पगार चालू असतो, बाबा."

बयूमी हसल्यासारखा झाला. जानेवारी ते ऑक्टोबर हे पोरगं सगळं ठाऊक असून रोज सकाळी दाढी करून, कलमं वाचत बसत होतं. कुणासाठी, हे त्याला आता कळलं.

"म्हणजे मी बोललो नसतो तरी?"

"तरीही."

छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण उतरलं नाही. उलट आजवर निदान एक गोष्ट हातात होती: आपण चुकलो, न चुकतो तर झालं असतं. तेवढीही आता राहिली नाही. सोळा वर्षं टेबलाखाली पोराला जे घोकून घेतलं, ते त्या एका रेघेपुढे कुणी वाचलंसुद्धा नव्हतं.

बाहेरून सफियाचा आवाज आला. यादी लागल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी. मिरच्यांची टोपली तशीच टाकून ती इकडेच येत होती आणि तिच्या मागे वही छातीशी धरून रबाब.

बयूमीने पोराचं मनगट धरलं.

"ते रकान्याचं यांना सांगू नकोस. पोरीच्या हातची वही सुटेल."

"मग काय सांगू?"

"बापाचं तोंड सुटलं म्हणून गेलं, असं सांग. सगळ्यांना तेच सांग."

"बाबा, तुम्हाला गल्ली नावं ठेवेल."

"ठेवू दे."

सफिया दारात आली. वाएल तिच्याकडे पाहत राहिला, मग तिच्या मागच्या वहीकडे. बयूमीने घाईने मग उचलला, तोंडभर पाणी घेतलं आणि शर्टाकडे वळून तो पोराच्या उत्तराची वाट पाहत राहिला.