कावळ्याचा दोसा

पहिला दोसा चिकटायचाच, तो कावळ्याचा. दुसरा घरच्या लेकराचा. पापनाशमच्या सरोजाआत्याची ही रीत. म्हणून दुसराही तव्याला धरून बसला, तेव्हा पाटावर बसलेल्या सेतुरामाने मान खाली घातली.

बिडाचा तवा तो, आत्या त्याला कल्लु म्हणे. ती नवरी होऊन आली तेव्हा तो चुलीवर होताच.

सेतुरामाचं तंजावुरात, राजवाड्याजवळ, जुन्या वस्तूंचं दुकान. दोन-तीन वर्षांत परदेशी पाव्हणे वाढले, नवी हॉटेलं निघाली, आणि त्यांना भिंतीवर टांगायला कुणाच्या तरी आजीची भांडी हवी झाली. "साल कोरलेला तवा मिळेल?" एका गिऱ्हाइकाने विचारलं, आणि भाच्याला आत्या आठवली. "किती जुना ते बघून देतो, अत्ते," म्हणत महिन्यापूर्वी तो कल्लु घेऊन गेला.

तव्याच्या पाठीवर मधोमध बोटभर खरखरीत वळ होता. वितळलेलं बीड साच्यात ओतलं, तिथली खूण; तशी ओतायची रीत कधीच मोडली. तवा शंभरी ओलांडलेला, हे त्याला त्या वळावरूनच कळलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण गिऱ्हाईक वळावर भुलत नाही, त्याला आकडा लागतो. काजळीखाली असेल, म्हणून त्याने तवा शेणींच्या जाळात घातला. निवल्यावर पाहिलं तर भादरलेल्या डोक्यासारखा उघडा, राखाडी. आकडा नव्हताच. सासवा-सुनांनी मुरवलेलं तेल तेवढं जळून गेलं होतं. मग तेल चोळून, काळा करून, आज त्याने तो गुपचूप परत आणला.

तिसराही फाटला. गडग्यावरच्या कावळ्याची चंगळ झाली.

"आज कावळ्याकडे लग्न आहे की काय रे?" आत्या हसली.

चौथ्याला ती हसली नाही. पीठ बोटावर घेऊन पाहिलं, जाळ कमी केला, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"पीठ बरं, जाळ बरा. माझाच हात गेला, सेतु. नित्या म्हणते ते खरं. तिला सांग, तो नॉनस्टिक काढ खोक्यातून. पुरे झालं माझं रांधणं."

गप्प बसला असता तर निभावलं असतं. नित्याने, आत्याच्या सुनेने, नवा तवा काढला असता, कल्लु माळ्यावर गेला असता, आणि माळ्यावरून कदाचित त्याच्या दुकानात.

"हात नाही गेला, अत्ते," तो म्हणाला. "मी जाळला कल्लु. साल बघायला."

"सापडलं?"

"नाही."

आत्याने विळीवर कांदा चिरला, अर्धा काट्याला टोचला, तेलात बुडवून त्याच्या हाती दिला.

"घास."

"किती वेळ?"

"माझ्या सासूस तो तिच्या सासूने दिलेला. तू मोज. वय काढणारा तू ना?"

तो घासत राहिला. चटका बसला तरी हात काढला नाही. आत्याने पाचवा घातला. तोही तुकड्या-तुकड्यांनीच निघाला. कावळा ओरडला, पण तिने तिकडे पाहिलं नाही. तुकडे गोळा केले आणि सेतुरामाच्या पानात वाढले.

"खा," ती म्हणाली. "दुसरा तुझा राहिला होता."