एका फ्रेममध्ये दोन पुढारी

नांदुऱ्यात स्टेशन रोडवर अश्वजितचा फोटो स्टुडिओ. पोटासाठी पासपोर्ट फोटो आणि लग्नं. पण जीव सगळा जुन्या ब्लॅक अँड व्हाइट रोलच्या कॅमेऱ्यात. त्यात आता एकाच फ्रेमवर दोनदा फोटो घ्यायचं खूळ शिरलेलं. बायको समता एकाच फोटोत भांडी घासतानाही दिसली आणि पेपर वाचतानाही, तेव्हा ती म्हणाली, "मी दोन दोन कामं करतो, हे तुमाले आज दिसलं?"

सोसायटीची निवडणूक लागली. पंजाबराव आणि भागवतराव, एकमेकांच्या मयतीलाही न जाणारे, बॅनरच्या फोटोसाठी आले. एक सकाळी, एक संध्याकाळी. नेहमीचे फोटो झाल्यावर अश्वजितने दोघांनाही काळ्या पडद्यापुढे रोलच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे फिल्म सरकवलीच नाही.

प्रिंट काढली, तर पंजाबरावांचा हात भागवतरावांच्या खांद्यात विरघळलेला. तिथला राखाडी रंग पाहून त्याला भरून आलं. खाली 'संघर्ष' लिहून त्याने फोटो शोकेसमध्ये लावला.

'संघर्ष' कोणी वाचलाच नाही. दुपारपर्यंत फोटो गावभर मोबाइलवर फिरला: युती झाली!

पंजाबराव तणतणत आले. "मी कवा बसलो बे त्याच्याजवळ?"

"नाही बसले, भाऊ. फिल्म एक, फोटो दोन. उजेड एकावर एक पडला."

"मंग हात काऊन ठेवला मी?"

तेवढ्यात भागवतरावही आले. अश्वजितने पुन्हा पहिल्यापासून उजेड समजावला. कोणी ऐकत नव्हतं. दोघांनाही सकाळपासून अभिनंदनाचे फोन येत होते.

"लोकं खूश दिसून राह्यले," भागवतराव फोटोकडे पाहत म्हणाले.

"हाव. प्रचाराची दगदगही वाचते."

चहा येईपर्यंत अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरले. उरलेल्यांनी अर्ज मागे घेतले.

सत्काराला अश्वजितने दोघांचा खराखुरा फोटो काढला. एक सोफा, मधे हातभर जागा, दोन्ही तोंडं आंबट. पंजाबरावांनी पाहून मान हलवली. "हा जुळवलेला वाटते. त्या दिवशीचाच लाव."

तोच लागला, चौकात, वीस फुटी. छापखान्याने हौसेने दोघांना गुलाबी गाल आणि भगवे फेटे चढवले होते. अश्वजित महिनाभर चौक टाळून मागच्या गल्लीने स्टुडिओत गेला.