अंगणातली तार

ओसरीवरच्या डब्यात अमृताने स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली सारून जुनी आयसी चिप सॉकेटमधून उचकटली आणि तळहातावर घेतली.

"हीच ती खोटारडी का?" सारजाबाईने उंबऱ्यातून विचारलं. "हिच्यापायी आमी पोरंढोरं घिऊन शाळेत भिजत बसलो व्हतो."

"हीच, मावशी."

"डोंगूर जागच्या जागी, आन् आमीच खाली घरंगळलो. लई हसली लोकं."

बुद्धभूषण हसला नाही. ओतूरला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अमृता तिथल्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. दुकानातच दोघांनी दरडीचा आगाऊ इशारा देणारा हा डबा जुळवला होता. मढ गावाच्या वरच्या अंगाला, या वस्तीच्या डोक्यावर, डोंगराला भेग पडली होती. भेगेवरून आरपार तारा ताणल्या होत्या आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक पोटेन्शिओमीटर होतं, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतं तसलंच. जमीन सरकली की तार ओढली जाई आणि आकडा चढे. एक तार मात्र सारजाबाईच्या अंगणात, दोन खुंट्यांमध्ये बांधली होती. ही जमीन पक्की. तिच्यावरून बाकीच्यांची पारख करायची.

डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरला सगळे आकडे एकदम वाचता येत नसत. मल्टिप्लेक्सरची आयसी एकेक तार त्याच्यापुढे आणून उभी करी. जोडायला सोपी म्हणून अमृताने सोळा वाटांची एकच घेतली होती. पण तिच्यात एका वाटेचा व्होल्टेज पुढच्या वाटेत रेंगाळायचा. एका तारेत शेळी अडकली, शेजारच्या तारांचेही आकडे चढले आणि वस्ती रिकामी झाली. आज तिने आठ-आठ वाटांच्या दोन आणल्या होत्या. भेगेवरच्या तारा एकीवर. अंगणातली दुसरीवर, एकटी.

"आज कायबी दाखवू द्या तुमच्या डब्याला," सारजाबाई म्हणाली. "नातवाची पाचवी हाय. वली बाळंतीण या पावसात मी भायेर काढायची न्हाई."

अमृताने दोन्ही आयसी दाबून बसवल्या. बुद्धभूषणने बॅटरी जोडली.

भेगेवरचे आकडे स्थिर राहिले. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि शेवटचा, अंगणातल्या तारेचा आकडा पाहिला. तो एकाने चढला. थोड्या वेळाने आणखी एकाने.

"रेंगाळतंय परत," ती म्हणाली.

"कुणाचं, ताई? तिला शेजारीणच ठेवली न्हाई आपण."

"खुंटी ढिली झाली असेल."

तो पावसात उतरला. दोन्ही खुंट्या धरून त्याने हलवून पाहिल्या. परत येऊन तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"रुतून बसल्यात," तो म्हणाला.

आकडा पुन्हा चढला. अमृताने सारजाबाईकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या वेळीही तिने याच ओसरीवर उभं राहून, याच आवाजात घरं सोडायला सांगितलं होतं.

"झालं का तुमचं?" सारजाबाईने विचारलं. "मंग भाऊ, हत्यारं हायेतच, तर बाळंतिणीच्या खोलीचं दार तेवढं बघा. सकाळधरनं लागंना झालंय. खाली घासतंय, वर फट पडलीया. पोराला वारं लागतं."

"पावसानं फुगलं असंल," बुद्धभूषण हळूच म्हणाला.

"फुगतंय कशाचं? पत्र्याचं हाय."

डबा तसाच उघडा टाकून अमृता उठली.

"मावशी," ती म्हणाली, "बाळाला गुंडाळायला काय आहे?"