उरलेला शब्द

"आभाऽऽर!" सर ओरडले आणि वहिनींच्या हातातली बशी हिंदकळली. चहा गरम होता, ओठ पोळले होते.

दारात बूट काढणारे व्यायामवर्गाचे सेक्रेटरी तिथेच थबकले. त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी, धन्य आहे हो! तोंड पोळलं तरी आभार! आमच्यासारख्याने आई-बाप काढले असते."

"तेच काढतायत ते," सरांची हनुवटी पुसत वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरी मनापासून हसले. वहिनींना वाटलं, खरं बोललं की लोक हसतात, हे एक बरं असतं.

सकाळचा व्यायामवर्ग सरांनी उभा केला होता. सुटलेली पोटं, आखडलेल्या माना, निवृत्त झालेली आणि निवृत्त व्हायला घाबरलेली माणसं, सगळ्यांना सरांनी वाकवलं, पळवलं, घाम काढला. पण लोक यायचे ते शेवटच्या भागासाठी. सगळ्यांनी उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि सरांचा तो मऊ आवाज: "पावलांनो, तुमचे आभार. पोटऱ्यांनो, तुमचे आभार." टाचेपासून टाळूपर्यंत. शेवटी एक वाक्य ठरलेलं: "ज्याचे आभार मानाल, ते कधी दगा देत नाही."

आणि एका सकाळी दात घासता घासता सरांचं उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. देवाने सगळे शब्द काढून घेतले आणि एकच जिभेवर ठेवला. तोच का ठेवला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "असं होतं. कुणाच्या तोंडी शिवी राहते, कुणाच्या तोंडी देवाचं नाव. जिभेला जे वळण, ते उरतं. त्याला अर्थ नसतो."

अर्थ नसतो कसा? वहिनींना तो सुरावरून कळायचा. आखूड आभार म्हणजे पाणी. दोनदा पाठोपाठ म्हणजे कूस बदल. खालच्या पट्टीत, लांबवलेला आणि नजर दाराकडे, म्हणजे लघवीला न्या, लवकर न्या. आणि पहाटे भिंतीकडे तोंड करून पुटपुटलेला, त्याचा अर्थ वहिनींनी कधी उलगडून बघितला नाही.

"रविवारच्या वर्गाला सरांना हॉलवर न्यायचंय," सेक्रेटरी म्हणाले. "शेवटचे आभार सरांच्या तोंडून. बस, एवढंच!"

सरांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "आभार! आभार! आभार!"

"बघा, किती आनंद झाला!"

"अहो, नको म्हणतायत ते."

"वहिनी, तुम्ही थकलाय. आणि हो, आपल्या मालिशवाल्याला सांगून ठेवलंय. रविवारनंतर रोज घरी येईल, सरांना उठवेल, बसवेल. वर्गातर्फे."

वहिनींची कंबर गेले कित्येक दिवस मोडल्यासारखी झाली होती. एका पुरुषाचं निर्जीव अर्धं अंग उचलणं म्हणजे काय, ते उचलणाऱ्यालाच माहीत. त्यांनी सरांकडे बघितलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या.

रविवारी सरांना इस्त्रीचा सदरा घातला. चाकाची खुर्ची व्यासपीठावर, हार गळ्यात. हॉल गच्च भरलेला. सगळे चटयांवर उताणे, डोळे मिटून. फक्त मागे खुर्चीवर एक मावशी बसल्या होत्या. त्यांना खाली बसता यायचं नाही. त्यांनाच सर एकदा भर वर्गात म्हणाले होते, "मावशी, गुडघा कुरकुरत नाही हो, तुम्ही कुरकुरता! जरा आभार माना त्याचे." वर्ग खो खो हसला होता. मावशीही हसल्या होत्या. दुसरं काय करणार?

सेक्रेटरींनी माइक सरांच्या तोंडाशी धरला आणि स्वतःही डोळे मिटले.

"आभाऽऽर," सर म्हणाले. खालच्या पट्टीत. नजर दाराकडे.

वहिनींनी सूर ओळखला. त्या मधल्या रांगेतल्या चटईवरून उठल्या. "अहो, त्यांना..."

"श्श!" चटईवरून कुणीतरी म्हणालं.

"आभाऽऽर!"

"आभाऽऽर," सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

सरांचा आवाज चढला. हॉलचाही चढला. हुंदके येऊ लागले. देवळातही कधी दाखवली नव्हती अशा भक्तीने माणसं त्या शब्दाला चिकटली. वहिनी आडव्या अंगांतून वाट काढत होत्या. कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणी बाजूला होईना. सर जीव तोडून ओरडत होते आणि सगळे त्यांच्यामागून तेवढ्याच जीवाने म्हणत होते. मग सर एकदम गप्प झाले. पांढऱ्या विजारीवर ओल पसरली आणि पायावरून व्यासपीठावर टपकायला लागली.

त्या हॉलमध्ये सरांकडे बघणारे डोळे चारच होते. वहिनी पोचायच्या आत मावशी भिंतीच्या कडेकडेने लंगडत व्यासपीठावर चढल्या होत्या. त्यांनी खांद्यावरची शाल सरांच्या मांडीवर टाकली, माइक बाजूला सारला.

"वहिनी, चला, न्हाणीघर या बाजूला."

मागे हॉल आपला डोळे मिटून म्हणतच राहिला.

न्हाणीघरात वहिनींनी सरांना दोन्ही काखांत धरून स्टुलावर टेकवलं. मावशी भिंतीला धरून खाली बसल्या. गुडघे कडाकडा वाजले. त्यांनी सरांचा पाय ओल्या कपड्याने पुसायला घेतला, पोटरी, घोटा, तळवा.

"सर," मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत तेव्हापासून रोज मानले हो आभार. अगदी न चुकता. अजून दुखतोच."

सरांचे ओठ हलले. शब्द जिभेवर आलाच होता. त्यांना दुसरं येतच काय होतं? पण सरांनी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं तरी ओठ मिटून धरले आणि डावा हात मावशींच्या गुडघ्यावर ठेवला.

हॉलमधून सूर येतच होता. वहिनींनी हात लांब करून नळ पूर्ण सोडला.