बिडकीनहून आणलेलं वाक्य

साळूबाईनं वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या आणि ती दाराआडच उभी राहिली. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, यायचं नाही, ही बिडकीनची रीत तिनं शहरात, औरंगपुऱ्यातही सोडली नव्हती. पुंजाराम मास्तरांनी मुकाट्यानं आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

तिचा नवरा बद्रीनाथ, म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, जाऊन महिना झाला होता. मास्तरांना निरोप पोचला तो सगळं उरकल्यावर.

"जाताना ते दोनदा कायतरी बोलले. मराठी नव्हतं. तुमच्या दोघांचं असंल म्हणून पाठ करून ठिवलं."

निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू चालायची, तेव्हा या दोघा पोरांनी स्वतःची एक भाषाच रचली होती. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, तरी वेड गेलं नाही. नामांना विभक्ती, क्रियापदं सकर्मक की अकर्मक, सगळं रीतसर. क्रिया ज्याच्यावर घडते त्याला 'झे' लावायचं. लोक बांधावरून भांडतात, हे शहाणे प्रत्ययावरून भांडले. बोलावणं सकर्मक, असं थोरल्याचं म्हणणं. धाकटा म्हणे, "बोलावल्यानं माणसाला काय व्हतंय? त्यो येईलच कशावरून? 'झे' नगंच." शब्दानं शब्द वाढला आणि नऊ वर्षं अबोला. त्यानं एकदा बोलवावं म्हणून मास्तर नऊ वर्षं अडून बसले होते.

"सांग," मास्तर म्हणाले.

"तोमाझे रुवी. तोमाझे रुवी."

तोमा म्हणजे दादा. दादाला बोलवा. आणि धाकट्यानं 'झे' लावलं होतं.

बिडकीन काही सातासमुद्रापार नव्हतं, एस्टीनं तासाभराची वाट. आपणच उठून जायला हवं होतं.

"पानी मागितलं का वो त्यांनी?" दाराआडून आवाज आला. "का कुनाला बघायचं व्हतं? मला कळलंच नाय. मी नुसती पाय चोळीत बसले. माझ्या हातून कायी राह्यलं का, दादा?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"काही राहिलं नाही," ते म्हणाले. "पाय चोळ, असंच म्हणत होता."

दाराआड हुंदका फुटला. ती म्हणाली,

"व्हय? मंग बरं झालं. मी लई येळ चोळले."

मास्तरांनी मान डोलावली. दाराआडून तिला ती दिसणार नव्हती.